अँप्लिफायर, स्पीकर आणि रेकॉर्ड्सचं वजन पेलणारा रॅक कसा निवडायचा? भोर-वेल्ह्यातल्या घरांसाठी सगळी माहिती

पुण्यातला फ्लॅट लहान पडतो, गावाकडं नवं घर बांधून होतं, आणि मग घरातली जड वस्तू एकेक करून गावाला रवाना होते. त्यात वडिलांचा अँप्लिफायर असतो, मोठे स्पीकर असतात, आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ असतो, रेकॉर्डचे खोके असतात. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या कितीतरी घरांची ही गोष्ट आहे. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण एसटीत बसल्यावर लोक अजून वेल्ह्याचंच तिकीट मागतात, म्हणून आपणही इथं वेल्हेच म्हणू.

तर सिस्टीम गावी पोहोचते. आता ती ठेवायची कशावर? बहुतेक वेळा उत्तर असतं, टीव्हीच्या टेबलावर. नाहीतर ऑनलाइन मागवलेल्या सुंदर दिसणाऱ्या रॅकवर. पहिला पावसाळा गेला की फळीला झोल येतो, दुसऱ्या पावसाळ्यात स्क्रू सैल होतात आणि तिसऱ्या वर्षी घरातलं लहान मूल त्या रॅकला धरून उभं राहायला शिकतं.

खरा धोका तिथं आहे. वीस किलोचा अँप्लिफायर चार फुटांवरून खाली आला तर नुकसान पैशांचं असेलच असं नाही. म्हणून रॅक निवडताना काय बघायचं, कोणतं लाकूड, कोणतं लोखंड, कोणती भिंत, हे सगळं नीट समजून घेऊ.

आधी वजन काढा

रॅक घेताना लोक लांबी-रुंदी मोजतात, वजन मोजत नाहीत. गडबड इथूनच सुरू होते.

साधारण अंदाज असा धरा. घरगुती स्टिरिओ अँप्लिफायर ७ ते २० किलो. होम थिएटरचा रिसीव्हर ८ ते १५ किलो. वेगळा पॉवर अँप्लिफायर असेल तर तो २० ते ४० किलोंपर्यंत जातो, कारण आत लोखंड आणि तांब्याचा मोठा ट्रान्सफॉर्मर असतो. उभे टॉवर स्पीकर प्रत्येकी १५ ते ३० किलो. सबवूफर १५ किलोंपासून पुढे. चांगला टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, १० किलोंच्या आसपास असतो.

पण सगळ्यात जास्त फसवतात त्या रेकॉर्ड्स. एक बारा इंची एलपी कव्हरसकट साधारण २०० ते २५० ग्रॅम भरते. हातात घेतली तर हलकी वाटते. मात्र उभ्या रचलेल्या रेकॉर्ड्सची एक फुटाची रांग १६ ते २० किलोंची होते. तीन फुटी फळी रेकॉर्ड्सनी भरली तर तिच्यावर ५० ते ६० किलो बसले. म्हणजे घरातल्या सगळ्यात जड अँप्लिफायरपेक्षाही जास्त. आयकियाचा कॅलॅक्स नावाचा चौकोनी खणांचा रॅक जगभरात रेकॉर्ड ठेवायला वापरला जातो, आणि कंपनीच त्याच्या एका खणाची मर्यादा १३ किलो सांगते. तो खण रेकॉर्ड्सनी गच्च भरला की ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या असतील, म्हणजे बालगंधर्वांच्या काळातल्या, तर त्या लाखेपासून बनलेल्या असतात. जड आणि ठिसूळ. त्या आडव्या थप्पीत ठेवल्या की खालची तडकते. उभ्याच ठेवायच्या, आणि दर सात-आठ इंचांवर आडोसा द्यायचा, म्हणजे त्या कलत नाहीत.

तर पहिलं काम हे. बाथरूममधला वजनकाटा घ्या. आधी स्वतःचं वजन करा, मग वस्तू हातात घेऊन करा, फरक म्हणजे वस्तूचं वजन. सगळं कागदावर लिहा. त्या आकड्याला दीडने गुणा. तो तुमच्या रॅकचा आकडा. जास्तीचं अर्धं का? कारण उद्या कोणीतरी त्यावर देवाचा फोटो, मिक्सरचा खोका आणि लग्नातला आहेर ठेवणारच आहे.

फळीला झोल का येतो?

इथं थोडं गणित आहे, पण सोपं आहे आणि पैसे वाचवणारं आहे.

दोन टोकांवर टेकलेली फळी मध्ये वाकते. वजन तेवढंच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली तर झोल दुप्पट होत नाही, आठ पट होतो. आणि जाडी दुप्पट केली तर झोल आठ पट कमी होतो. रॅकचं सगळं शहाणपण या दोन वाक्यांत आहे. फळी आखूड ठेवा, जाड ठेवा.

उदाहरण घेऊ. ३ फूट लांब, १६ इंच खोल, १८ मिलिमीटर जाड फळी आहे. त्यावर ४० किलो वजन सारखं पसरलंय. फळी पार्टिकल बोर्डची असेल तर मध्यभागी अंदाजे साडेसात मिलिमीटर झोल येतो. चांगल्या प्लायची असेल तर अंदाजे ३ मिलिमीटर. आता तीच फळी २ फुटांची केली, तर पार्टिकल बोर्डचा झोल सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास आणि प्लायचा जेमतेम एक मिलिमीटर.

डोळ्याला दर फुटामागे साधारण पाऊण मिलिमीटर झोल जाणवायला लागतो. म्हणजे तीन फुटी पार्टिकल बोर्ड पहिल्याच दिवशी वाकलेला दिसणार. आणि ही झाली पहिल्या दिवसाची गोष्ट. वजन महिनोन् महिने तसंच राहिलं की लाकूड हळूहळू आणखी वाकतं. पार्टिकल बोर्डमध्ये हा झोल काळाच्या ओघात दुप्पटही होऊ शकतो.

यावर सुतारांकडं एक जुना उपाय आहे. फळीच्या पुढच्या कडेला खालून दोन इंच रुंद, पाऊण इंच जाड सागवानी पट्टी उभी मारायची. एवढ्याशा पट्टीनं १८ मिलिमीटर प्लायचा झोल साधारण एक तृतीयांशावर येतो. दिसायलाही फळी भरीव दिसते. नवा रॅक न घेता जुना वाचवायचा असेल तर आधी हे करून बघा.

पार्टिकल बोर्ड, प्लाय, सागवान: आपल्या पावसात काय टिकतं?

बंगळूरला किंवा दिल्लीला टिकणारं फर्निचर केळदला किंवा हिर्डोशीला टिकेलच असं नाही. भोर आणि वेल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत आहे. मढे घाट, वरंधा घाट या बाजूला जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल्या असतात, कपडे वाळत नाहीत आणि चामड्याच्या चपलेवर बुरशी येते. त्याच तालुक्याच्या पूर्वेला, नसरापूर-कापूरहोळच्या बाजूला पाऊस बराच कमी. त्यामुळे एकाच तालुक्यात दोन वेगळी उत्तरं निघतात.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुगा आणि गोंद दाबून केलेला पाट. ऑनलाइन मिळणारे स्वस्त रॅक बहुतेक याचेच. त्याची कड उघडी असेल तर तिथून ओल शिरते, बोर्ड फुगतो, आणि एकदा फुगला की परत बसत नाही. शिवाय त्यात स्क्रूची पकड कमी. एकदा काढून पुन्हा बसवला की स्क्रू सैलच. पश्चिम पट्ट्यातल्या घरात जड सिस्टीमसाठी हा पर्याय सोडून द्या.

एमडीएफ त्याहून घट्ट आणि गुळगुळीत असतो. स्पीकरची खोकी बऱ्याचदा एमडीएफचीच असतात. पण पाण्याशी त्याचंही जमत नाही.

प्लायमध्ये दोन नावं लक्षात ठेवा. साधा कमर्शियल प्लाय आयएस ३०३ या मानकात येतो, तर मरीन प्लाय आयएस ७१० मध्ये. मरीनमधला गोंद उकळत्या पाण्यातही सुटू नये, या अपेक्षेनं बनवलेला असतो. प्लायच्या पाटावर हा आकडा आणि आयएसआयची खूण छापलेली असते. दुकानदार तोंडी ‘वॉटरप्रूफ आहे’ म्हणाला तरी छाप बघूनच घ्या. कोरड्या पट्ट्यात चांगला आयएस ३०३ पुरतो. पश्चिमेकडं, किंवा वर्षातले काही महिने बंद राहणाऱ्या घरात, मरीनचे जादा पैसे वसूल होतात.

सागवान अर्थात उत्तम. वाळवी त्याच्या वाट्याला सहसा जात नाही. नवं सागवान महाग आहे, पण आपल्या भागात जुने वाडे उतरवताना निघालेल्या तुळया आणि फळ्या विकल्या जातात. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केट परिसरातही लाकडाचे बरेच पर्याय बघता येतात. जुनं लाकूड घेताना आत खिळे राहिलेत का, कीड लागून भुसा पडतोय का, हे बघायचं.

लोखंडी रॅक: स्वस्त, मजबूत, पण वाजतो

किराणा दुकानात दिसतो तो भोकांच्या अँगलचा नट-बोल्टवाला रॅक वजन पेलण्यात हुशार असतो. पैशांच्या मानानं तो सगळ्यात ताकदवान पर्याय आहे. फक्त तीन गोष्टी करा.

पहिली, मागच्या बाजूनं आणि दोन्ही अंगांनी तिरक्या पट्ट्या मारून घ्या, इंग्रजी एक्ससारख्या. त्या नसतील तर रॅक समोरून मजबूत दिसतो, पण बाजूनं ढकलला की झुलतो. कोपऱ्यात त्रिकोणी पत्रेही लावून घ्या.

दुसरी, फळीचा पत्रा स्पीकरच्या आवाजाबरोबर वाजतो. त्यावर मापाचा १८ मिलिमीटर प्लाय टाका, मध्ये पातळ रबर. खडखड थांबते आणि वजनही पसरतं.

तिसरी, पाय. लोखंडी पाय थेट फरशीवर ठेवला तर गंज आणि ओरखडे दोन्ही येतात. खाली रबरी बूट घाला.

थोडं जास्त बजेट असेल तर भोर, नसरापूर किंवा शिरवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचा सांगाडा वेल्डिंग करून घ्या आणि फळ्या सुताराकडून. दीड इंची चौकोनी पाइप, जाडी २ मिलिमीटर, वर रेड ऑक्साइड प्रायमर आणि मग रंग. पाइपची तोंडं बंद करून घ्यायला विसरू नका, नाहीतर आत पाणी साठून आतूनच गंज लागतो.

आणखी एक प्रकार कानावर येईल, तो एकोणीस इंची रॅक. टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेलं हे माप आज स्टुडिओ आणि साउंडवाले वापरतात. पुढच्या पट्टीची रुंदी ४८२.६ मिलिमीटर, आणि उंची ‘यू’मध्ये मोजतात. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. गावातल्या कोणा साउंडवाल्याचा पॉवर अँप्लिफायर यात पुढच्या दोन कानांवर स्क्रूनं लटकवलेला दिसेल. तो जड असेल तर खालून आधार हवाच, नाहीतर प्रवासात कान वाकतात. घरगुती अँप्लिफायरला असे कान नसतात, त्यामुळे घरासाठी या रॅकच्या नादी लागायचं कारण नाही.

आपल्याकडचा पर्याय: कडप्पा

परदेशात टर्नटेबलखाली ठेवायला ग्रॅनाइटची लादी महागात विकली जाते. आपल्याकडं स्वयंपाकघराच्या मांडणीला कडप्पा पिढ्यान् पिढ्या वापरला जातोय.

तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवर, विटांचे दोन-तीन बुटके खांब आणि वर कडप्प्याची फरशी. याला वाळवी लागत नाही, ओल लागत नाही, झोल येत नाही. तीन फूट लांब, सोळा इंच रुंद, दोन सेंटिमीटर जाड फरशीचं स्वतःचंच वजन १९-२० किलो होतं. एवढ्या जड गोष्टीला हादरा देणं अवघड असतं, म्हणून टर्नटेबल तिच्यावर शांत बसतो.

पण दगडाची एक खोड आहे. लाकूड वाकून इशारा देतं, दगड इशारा देत नाही, तो एकदम तुटतो. म्हणून कडप्प्याला दर दीड ते दोन फुटांवर आधार द्या. फरशीत केसासारखी चीर आहे का, हे पाणी मारून बघा. चीर असेल तिथं ओली रेघ उशिरा वाळते. कड घासून गोल करून घ्या. आणि कडप्पा भिंतीत नुसता खोचून, पुढचं टोक हवेत ठेवून त्यावर अँप्लिफायर ठेवू नका.

जुना वाडा आणि माडी: भिंतीवर भरवसा कितपत?

भोर हे संस्थानचं गाव. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, पण राजवाडा आणि आजूबाजूचे जुने वाडे उभे आहेत. खेड्यांमध्येही दगड-मातीच्या जाड भिंतींची घरं अजून नांदती आहेत. अशा घराचे नियम वेगळे.

माडीवर सिस्टीम ठेवणार असाल तर आधी जमीन बघा. नव्या आरसीसी घरांत राहत्या खोलीचा स्लॅब धरताना दर चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भार गृहीत धरतात, तसं भारतीय मानक आयएस ८७५ सांगतं. जुन्या लाकडी माडीच्या तुळया असं मानक यायच्या आधी बसवलेल्या आहेत. त्यामुळे जड रॅक खोलीच्या मधोमध नको. भिंतीलगत ठेवा, आणि असा ठेवा की त्याचं वजन एका फळीवर न येता दोन-तीन तुळयांवर वाटलं जाईल. तुळईचं टोक भिंतीत जिथं जातं तिथं पेचकस टोचून बघा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. मग रॅकचा विषय बाजूला ठेवून जाणकार माणसाला आधी माडी दाखवा.

लाकडी माडीवर टर्नटेबल ठेवला की आणखी एक त्रास होतो. कोणी चाललं की सुई उडी मारते. टर्नटेबलचा दांडा आणि सुई मिळून साधारण ८ ते १२ हर्ट्झला स्वतःहून डोलतात. पावलांनी हलणाऱ्या जमिनीचे हादरे त्याच्याच आसपास असतात, आणि दोघांची गाठ पडली की रेकॉर्डवर ओरखडा. पक्की फरशी असेल तर हा प्रश्न जवळपास येत नाही. माडीवर असाल तर टर्नटेबल जमिनीवरच्या रॅकवर न ठेवता भिंतीवरच्या फळीवर ठेवायचा, हा जगभरातला उपाय आहे.

पण कोणत्या भिंतीवर? इथं घाई करू नका.

आरसीसी किंवा पक्की वीट असेल तर लोखंडी अँकर फास्टनर चालतो. साधी प्लास्टिकची गिट्टी घड्याळासाठी ठीक आहे, वीस किलोंसाठी नाही. नव्या बांधकामात हलके पांढरे ब्लॉक असतील, ज्यांना लोक सिपोरेक्स म्हणतात, तर त्यांच्यासाठी वेगळे फास्टनर मिळतात. नेहमीचा फास्टनर आवळला की ब्लॉकचा चुरा होतो. आणि दगड-मातीच्या भिंतीत फास्टनर धरतच नाही, कारण दोन दगडांच्या मध्ये मातीच असते. तिथं लाकडी खांब शोधा आणि फळीचे ब्रॅकेट त्या खांबाला मारा. खांब नसेल तर जमिनीवरून उभा सांगाडा करून तो वर तुळईला बांधा.

जुन्या घरातलं फडताळ आणि कोनाडा यांचाही विचार करा. दोन फूट जाड भिंतीतलं फडताळ वजन पेलायला उत्तम, त्याला कोणी धक्का मारून पाडू शकत नाही. रेकॉर्ड ठेवायला चांगलं, फक्त आतली ओल आधी तपासा. अँप्लिफायर मात्र त्यात कोंडू नका. कारण पुढं येतंय.

काय वर, काय खाली?

जड खाली, हलकं वर. नियम जुना आहे, पण त्याचा हिशोब बघितला की लक्षात राहतो.

रॅक १६ इंच खोल आहे आणि सगळं वजन वरच्या फळ्यांवर असल्यामुळे वजनाचा मध्य ३२ इंचांवर आलाय. असा रॅक पुढं १४ अंश कलला की पडतो. तेच वजन खाली आणून मध्य १६ इंचांवर नेला, तर तो २६ अंशांपर्यंत तग धरतो. रॅक तोच, सामान तेच, फक्त मांडणी बदलली.

म्हणून सगळ्यात खाली पॉवर अँप्लिफायर आणि रेकॉर्ड्स. मध्ये रिसीव्हर, सीडी, कॅसेट डेक. सगळ्यात वर टर्नटेबल. टर्नटेबल वर ठेवायचं दुसरंही कारण आहे. अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरजवळ त्याची सुई आली की गाण्यामागं ‘घूं’ असा आवाज येतो. दोघांत जमेल तितकं अंतर ठेवा.

आणि स्पीकर रॅकवर ठेवूच नका. त्यांचा हादरा रॅकमधून टर्नटेबलला जातो, तिथून परत स्पीकरला येतो आणि आवाज वाढवला की घुमायला लागतं. स्पीकरला स्वतःचे स्टँड करा. टॉवर स्पीकर जमिनीवरच, पाणसळीत.

उष्णतेचं काय? अँप्लिफायर गरम होतो, व्हॉल्व्हचा तर चांगलाच. वर किमान चार-पाच इंच मोकळी जागा, मागं हवा जायला वाट. बंद कपाट, मागं पक्की पाठ, अँप्लिफायरवर विणलेलं कापड, ही सगळी त्याला लवकर संपवायची साधनं आहेत. कापड घालायचंच असेल तर बंद असताना घाला.

इन्व्हर्टरची बॅटरी रॅकच्या खालच्या खणात मावते म्हणून तिथं ढकलू नका. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी ५०-६० किलोंची असते, तिच्यात अ‍ॅसिड असतं आणि चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो. तिची जागा हवेशीर आणि वेगळी हवी.

भिंतीला बांधा. हे ऐच्छिक नाही

२०१६ मध्ये आयकियानं अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली. कारण काय, तर भिंतीला न बांधलेली कपाटं लहान मुलांच्या अंगावर पडून मृत्यू झाले होते. पुढं २०२२ मध्ये कपड्यांची कपाटं सहज कलंडू नयेत म्हणून तिथं कायदाही झाला. मुलं ड्रॉवर उघडून त्याची पायरी करतात. रॅकच्या फळ्या तर आयत्या पायऱ्याच आहेत, आणि वर लुकलुकणारे दिवे.

आपल्याकडं आणखी एक कारण आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. त्याची तीव्रता ६.५ च्या आसपास होती, आणि कोयनानगर भोरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. असा धक्का रोज येत नाही. पण उंच, अरुंद, वर जड असलेली वस्तू अशा वेळी आधी पडते.

कंबरेपेक्षा उंच कोणताही रॅक वरच्या टोकाला दोन एल पट्ट्यांनी भिंतीला किंवा खांबाला बांधा. खर्च किरकोळ, वेळ अर्धा तास. भाड्याचं घर असेल आणि मालक भोक पाडू देत नसेल तर उंच रॅक घेऊच नका. दोन बुटके रॅक शेजारी शेजारी ठेवा.

वाळवी, उंदीर आणि बंद घर

गावाकडचं घर गणपती, दिवाळी आणि मे महिन्यातच उघडत असेल तर रॅक भिंतीपासून तीन-चार इंच पुढं ठेवा. ओल भिंतीतून लाकडात जात नाही, मागं हवा खेळते, आणि वाळवीची मातीची नळी चढायला लागली तर दिसते. लाकडी पायाखाली कडप्प्याचा तुकडा ठेवला तर पाय जमिनीची ओल ओढत नाही. वायरी रॅकच्या मागं लोंबत ठेवू नका, प्लास्टिकच्या पट्टीत बंद करा. भात घरात आला की उंदीर येतात, आणि त्यांना वायर आवडते. वळीव सुरू व्हायच्या आधी सगळे प्लग काढून ठेवायची सवयही लावून घ्या.

महागडे ऑडिओ रॅक घ्यावेत का?

इंटरनेटवर असे रॅक दिसतात ज्यांची किंमत सिस्टीमपेक्षा जास्त असते, आणि आवाज सुधारेल असा दावा असतो. हादऱ्याचा खरा परिणाम होतो तो सुईवर, काही प्रमाणात व्हॉल्व्हवर आणि अर्थात स्पीकरवर. ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरला रॅककडून तीनच गोष्टी हव्या असतात: न हलणारी फळी, हवा आणि पडणार नाही याची खात्री. गावातला सुतार आणि वेल्डर या तिन्ही गोष्टी देऊ शकतात. उरलेल्या पैशांत चांगले स्पीकर येतील.

सुताराला द्यायची चिठ्ठी

तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. ही चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा:

१. प्रत्येक फळीवर किती किलो येणार, तो आकडा. दीडपट करून.

२. दोन आधारांमधलं अंतर दोन फुटांपेक्षा जास्त नको.

३. फळी किमान १८ मिलिमीटर प्लाय, पुढून सागवानी पट्टी. रेकॉर्डच्या खणाला २५ मिलिमीटर.

४. खोली १६ ते १८ इंच. अँप्लिफायरच्या मागच्या वायरींसाठी तीन इंच धरून.

५. रेकॉर्डच्या खणाची आतली उंची साडेतेरा इंच, म्हणजे एलपी सहज निघते.

६. पाठ बंद नको. तिरक्या पट्ट्या हव्यात.

७. सगळ्या कापलेल्या कडा, मागच्यासुद्धा, बंद करून.

८. वर दोन एल पट्ट्या, भिंतीसाठी.

सामान चढवण्याआधी ही परीक्षा घ्या

रॅक घरी आला की लगेच सिस्टीम चढवू नका. पाण्याचे २० लिटरचे जार घ्या. एक भरलेला जार म्हणजे २० किलोंहून थोडं जास्त वजन. ज्या फळीवर ४० किलो येणार आहे तिच्यावर तीन जार ठेवा. फळीच्या खालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा आणि मध्ये फळी दोऱ्याच्या किती खाली येते ते मोजा. एक दिवस तसंच राहू द्या, पुन्हा मोजा. झोल वाढत चालला असेल तर सुताराला त्याच दिवशी बोलवा.

मग जार खाली उतरवून रॅक रिकामा करा आणि वरच्या कोपऱ्याला धरून बाजूनं हलवा. कुरकुर आली तर कुठला तरी सांधा सैल आहे, तो आवळा. पाणसळ ठेवून चारही पाय टेकलेत का ते बघा. शेवटी भिंतीला बांधा. आणि बांधल्यावर घरातल्या सगळ्यात दणकट माणसाला तो ओढून बघायला सांगा. जागचा हलला नाही, तर सिस्टीम चढवायला हरकत नाही.